ट्रायल न घेता गिअरबॉक्स उतरवणं ही सरळ लूट आहे

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या दारात ऑटोमॅटिक गाडी उभी आहे किंवा दिवाळीला घ्यायचा विचार चाललाय, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी त्यांना पाठवा.

पंधरा दिवसांपूर्वी आमच्या महापेतल्या गॅरेजवर एक ड्रायव्हर आला. गाडी स्वतःची, हप्त्यावरची, सहा गिअरची ऑटोमॅटिक. मिलेनियम बिझनेस पार्कच्या कंपन्यांतली रात्रपाळीची माणसं ने-आण करतो. हातात एस्टिमेट. "दादा, हे बघा आणि खरं सांगा, गाडी विकू का?" रक्कम होती २ लाख ३८ हजार, वर जीएसटी. काम काय, तर पूर्ण गिअरबॉक्स बदलणे. तो आधी दुसऱ्या एका लोकल गॅरेजवालाही जाऊन विचारून आला होता. त्याने स्कॅनर लावला, कोड बघितला आणि 'व्हॉल्व्ह बॉडी गेली, ८५ हजार' असं तिथल्या तिथे सांगून मोकळा झाला. म्हणजे अधिकृतवाला आणि आपल्यातला, दोघंही एकाच माळेचे मणी. नावं लिहीत नाही, कमेंटमध्ये विचारूही नका.

तक्रार काय होती? सकाळी गाडी लोण्यासारखी चालते. दुपारी, तापल्यावर, ट्रॅफिकमधून बाहेर पडताना मधेच मोठा झटका बसतो, लाइट लागते आणि गाडी तिसऱ्याच गिअरमध्ये अडकते. बंद करून चालू केली की परत ठीक. दिवसातून एकदा, कधी दोनदा. मागे प्रवासी बसलेले असताना.

मी जॉब कार्ड मागितलं. त्यावर 'रोड टेस्ट केली' असं लिहिलेलं. पण त्याच कागदावर गाडी आत आली तेव्हाचं किलोमीटर ८१,२०६ आणि बाहेर पडताना ८१,२०७. गाडी तिथे दोन दिवस होती. दोन दिवसांत एक किलोमीटर, आणि तोही बहुतेक वॉशिंगला नेऊन आणण्यात गेला असणार. जो बिघाड गाडी तासभर चालून तापल्याशिवाय येत नाही, तो एका किलोमीटरमध्ये कसा सापडला हो तुम्हाला?

आता ज्या कोडवर सव्वादोन लाखांच्या वरचं एस्टिमेट उभं होतं, ते कोड काय म्हणत होते ते ऐका. एक होता पी ०७००. हा कोड म्हणजे निव्वळ निरोप आहे. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगतो की माझ्याकडे काहीतरी नोंदलं गेलंय, येऊन बघा. एवढाच त्याचा अर्थ. दुसरा पी ०७३०, म्हणजे गिअरचं गुणोत्तर चुकतंय. कॉम्प्युटरला गिअरबॉक्सच्या पोटातलं काही दिसत नाही. तो फक्त भागाकार करतो: आत येणारा शाफ्ट किती फिरतोय, भागिले बाहेर जाणारा शाफ्ट किती फिरतोय. उत्तर ठरलेल्या आकड्याशी जुळलं नाही की कोड टाकतो. आता उत्तर दोन कारणांनी चुकू शकतं. एक, आतली क्लच प्लेट खरंच घसरतेय. दोन, दोन आकड्यांपैकी एक आकडाच खोटा येतोय. पहिल्यात गिअरबॉक्स उतरवावा लागतो. दुसऱ्यात उतरवला तर तो गुन्हा आहे. आणि या दोघांतला फरक उभ्या गाडीत कळत नाही. गाडी रस्त्यावर काढावीच लागते.

म्हणून आम्ही ट्रायल घेतली. नीट घेतली. आधी ऑइल, ठरलेल्या तापमानाला. लाल, स्वच्छ, जळका वास नाही. क्लच प्लेट खरंच घसरत असती तर ऑइल काळं पडलं असतं आणि वासानेच कळलं असतं, तिथेच माझ्या मनात शंका आली. बॅटरी, चार्जिंग, अर्थिंग तपासलं. मग मी स्टिअरिंगवर, पोरगा शेजारी लॅपटॉप घेऊन आणि मालक मागच्या सीटवर. मालकाला बरोबर घ्यायचंच, कारण 'झटका' म्हणजे त्याला नक्की कोणता झटका म्हणायचाय हे त्यालाच माहीत असतं. आणि चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही. ठाणे-बेलापूर रोडला भर ट्रॅफिकमध्ये शंभरने ट्रायल मारणारी काही गॅरेजची पोरं आहेत, त्यांच्याबद्दल वेगळी पोस्ट लिहीन.

दुपारी दोनला निघालो. रबाळेपर्यंत जाऊन परत. हलक्या पायाने एकेक गिअर वर जाऊ दिला. मोकळ्या पट्ट्यात एकसारखा वेग धरून, अॅक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकला नुसता पाय लावला. टॉर्क कन्व्हर्टरचं लॉकअप सुटलं, आरपीएम थोडा वर गेला, पाय काढला तसा परत खाली आला. म्हणजे लॉकअप ठणठणीत. मग शिळफाट्याकडच्या चढावर पाय दाबून गिअर खाली पाडून बघितला. तोही ठीक. चाळीस मिनिटं झाली, ऑइल पूर्ण तापलं, काहीच होईना. मालकाचा चेहरा पडला. बिघाड मेकॅनिकसमोर कधीच येत नाही हे तुम्हालाही माहीत आहे.

मग परत येताना एमआयडीसीच्या आतल्या रस्त्याला लागलो. तो कसा आहे ते महापेकरांना सांगायला नको. टँकर आणि ट्रेलरने दबलेला, मधे खोदून अर्धवट बुजवलेला. एका खड्ड्यात चाक आदळलं आणि धाडकन झटका. लाइट लागली. गाडी तिसऱ्यात अडकली. मालक मागून ओरडला, "हाच! हाच तो!"

गाडी बाजूला घेऊन रेकॉर्डिंग बघितलं. एबीएसचे चारही चाकांचे आकडे ४८ चा वेग दाखवतायत. इंजिनचा आरपीएम सरळ रेषेत. आत येणाऱ्या शाफ्टचा आकडाही सरळ. बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा आकडा मात्र क्षणभर शून्य, आणि लगेच परत जागेवर. म्हणजे गाडी ४८ ने पळतेय आणि गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला वाटतंय की शाफ्ट थांबला. भागाकार चुकला, कोड पडला. धोका नको म्हणून त्याने ऑइलचं प्रेशर पूर्ण वाढवलं आणि एकच गिअर धरून ठेवला. झटका त्याचाच. क्लच प्लेट खरोखर घसरली असती तर चढावर इंजिनचा आरपीएम आधी भुर्रकन वर गेला असता. तो जागचा हलला नव्हता.

गॅरेजला येऊन गाडी लिफ्टवर घेतली, चाकं फिरती ठेवली आणि दुरून काठीने वायरिंग हलवत गेलो. सेन्सरच्या कपलरपासून वीतभर अंतरावर आकडा तुटला. वायरिंगचा जुडगा धरणारी एक क्लिप गायब होती. कधीतरी कुणीतरी काम करताना काढली आणि परत लावलीच नाही. जुडगा पत्र्यावर घासून वायरची साल निघालेली, आतलं तांबं हिरवं पडलेलं. सकाळी ओढ नसते, तापलं की वायर सैल पडते आणि खड्ड्यात आदळलं की तुटते. दोन वायर बदलल्या, स्लीव्ह घातली, क्लिप बसवली, त्याच रस्त्याने त्याच खड्ड्यातून तीनदा नेऊन आणली. बिल ४,२०० रुपये, ट्रायल धरून.

नवीन गिअरबॉक्स टाकला असता तरी ही वायर तशीच राहिली असती. सव्वादोन लाख घालून माणूस पुढच्याच आठवड्यात त्याच झटक्यासह परत आला असता, आणि मग त्याला कॉम्प्युटर बदलायला सांगितलं असतं.

मी स्वतः धुतल्या तांदळासारखा आहे असं नाही. काही वर्षांपूर्वी एका गाडीत ६० च्या वेगाला थरथर होती. मी टॉर्क कन्व्हर्टर म्हणून गिअरबॉक्स उतरवला. निघाली इंजिनची इग्निशन कॉइल. लोड आला की एक सिलिंडर मिस करायचा, आणि ती थरथर हुबेहूब लॉकअपसारखी लागायची. मजुरी मी घेतली नाही, पण ग्राहकाचे आठ दिवस गेले ते गेलेच. तेव्हापासून ट्रायलशिवाय पाना हातात घेत नाही.

आता मूळ मुद्दा. अशी ट्रायल घ्यायला गिअरबॉक्सचे चालू आकडे दिसावे लागतात. गाडीच्या ओबीडी पोर्टवर साधा स्कॅनर लावला तर मुख्यतः धुराशी संबंधित माहिती मिळते, कारण ते पोर्ट त्याच कायद्यातून आलं. गिअरबॉक्सच्या आतलं सगळं कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमागे असतं. ते आमच्यासारख्याला सरळ मिळत नाही. आम्ही मिळेल तिथून महागडी टूल आणून काम भागवतो.

हे चूक आहे असं मी एकटा म्हणत नाही. २०११ मध्ये एका ग्राहकाने तक्रार केली होती, त्यावर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी निकाल दिला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू न दिल्याबद्दल १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड. स्वतंत्र गॅरेजना भाग आणि साधनं द्या असं सांगितलं. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, हेही त्याच आदेशात आहे. पुढे अपिलं झाली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि महापेत मी अजून त्याच दारावर टकटक करतोय. २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, त्यात वाहनंही होती. मग पोर्टल निघालं. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. त्याने लॅपटॉपवर एक आकडाही जास्त दिसत नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ सालीच लोकांनी थेट मतदान करून हा हक्क मागून घेतला. आपल्याकडे निवडणुकीला उभा राहणारा एक तरी उमेदवार यावर बोलला का? आपल्याच पट्ट्यात इतकी गॅरेजं आणि कारखाने आहेत.

आणि ग्राहकांनो, थोडं तुम्हालाही. 'नुसती गाडी फिरवून आणलीत, त्याचे बाराशे?' हे वाक्य मी महिन्यातून चार वेळा ऐकतो. हाच माणूस दोन लाखांच्या पार्टवर सही करताना एक प्रश्न विचारत नाही, कारण पार्ट डोळ्यांना दिसतो. तपासणीला पैसे द्यायचे नाहीत म्हटलं की कोणीही तपासत बसणार नाही, सरळ पार्टच टाकणार. अधिकृत सेंटरमधल्या पोरांचाही सगळा दोष मानत नाही मी. त्यांच्याही जॉब कार्डवर ट्रायलच्या तासाभराला भाव नसतो, पार्टला असतो.

तर पुढच्या वेळी ऑटोमॅटिक गाडीचं मोठं एस्टिमेट हातात आलं, तर सही करण्याआधी कोड छापून मागा. बिघाड आला त्या क्षणाचे आकडे मागा. ट्रायलला मी बरोबर बसणार असं सांगा. आत आणि बाहेरचं किलोमीटर तपासा. नाही म्हणाले तर गाडी घेऊन बाहेर पडा.

ज्यांच्याकडे असं एस्टिमेट आत्ता पडून आहे, त्यांनी जॉब कार्डसह या. रविवारी सकाळी सातला, शिळफाट्याकडे ट्रेलरची रांग लागायच्या आत. गाडी थंड आणा, रात्रीपासून बंद ठेवलेली. पोरगा लॅपटॉप घेऊन असेल, तुम्ही मागे बसा. ट्रायलचे बाराशे मात्र घेणार, आधीच सांगतो.