मनोरा सावरला, आता पोथ्या

मुंबईच्या ओव्हल मैदानावरच्या कुठल्याही पोराला राजाबाई टॉवर विचारा, तो बॅटनेच दाखवील. त्याच्या पायथ्याशी विद्यापीठाचे ग्रंथालय आहे, हे फोर्टात रोज कामाला येणाऱ्यांनाही ठाऊक असतेच असे नाही.

कापसाच्या तेजीत गब्बर झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले, मग आईच्या नावे मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. पुढच्याच वर्षी ही तेजी आणणारे अमेरिकेतले यादवी युद्ध थांबले, बाजार कोसळला आणि प्रेमचंदांचेही दिवाळे वाजले. देणगी वेळेत पदरात पडली, हे विद्यापीठाचे नशीब! १८७८ मध्ये २८० फुटांचा मनोरा उभा राहिला. २०१५ मध्ये या वास्तूचा जीर्णोद्धार झाला, २०१८ मध्ये सारा परिसर जागतिक वारसा यादीत गेला.

दगड आणि रंगीत काचांचे कौतुक झाले, ते योग्यच. पण ग्रंथालयाची खरी दौलत आतल्या हस्तलिखितांत आहे.

आसफ फैझींचेच पाहा. माथेरानला जन्मलेले, सुलेमानी बोहरा या इस्माइली शाखेच्या घराण्यातले हे कायदेपंडित. इस्माइली पंथाचे ग्रंथ शतकानुशतके धर्मगुरूंच्या आणि मोजक्या घराण्यांच्या कपाटांत बंद असत. परक्याला दर्शनही दुर्लभ. फैझींनी मात्र आपला हस्तलिखितांचा संग्रह या सार्वजनिक ग्रंथालयाला देऊन टाकला. काझी नुमान यांच्या ‘दआइम अल्-इस्लाम’ या फातिमी कायदाग्रंथाची संपादित आवृत्ती त्यांनीच कैरोत प्रसिद्ध केली होती. असल्या माणसाने विश्वासाने दिलेला हा ठेवा आहे.

१९६५ मध्ये मुइझ गोरियावाला यांनी या संग्रहाची वर्णनात्मक सूची केली, म्हणून जगभरच्या अभ्यासकांना त्याचा पत्ता लागला. त्याआधी १९३५ मध्ये सरफराज यांनी अरबी, फारसी, उर्दू हस्तलिखितांची आणि १९४४ मध्ये देवस्थळी यांनी संस्कृत-प्राकृत पोथ्यांची सूची सिद्ध केली होती. सूचीत नसलेली पोथी अभ्यासकाच्या लेखी हरवलेलीच.

असे काम मात्र देणगीदारांना भुलवत नाही. दुरुस्त केलेल्या खिडकीखाली नावाची पाटी लावता येते. जुनी अक्षरे लावत बसलेल्या सूचीकाराच्या पाठीवर कशी लावणार? त्याला दरमहा पगार लागतो, वाळवी-दमटपणापासून कागद जपणारा जाणकार लागतो, आणि पानांची छायाचित्रे सर्वांना खुली करायची तर तोही खर्च कायमचा. तो एखाद्या दानशूराच्या लहरीवर सोडू नये. मार्चमध्ये विद्यापीठाच्या अधिसभेपुढे अर्थसंकल्प येईल, तेव्हा सदस्यांनी हस्तलिखितांसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष मागावे आणि मागच्या वर्षी किती खर्च झाला, हेही विचारावे.