छातीवर की पाठीवर?

हिवाळ्यात मंडळाची अभ्याससहल असीरगडला न्यायची, हे ठरायला दहा मिनिटं लागली. सहलीच्या टी-शर्टवर डिझाईन नेमकं कुठे छापायचं, यावर मात्र दोन बैठका झाल्या आणि अजून निर्णय नाही. दुसऱ्या बैठकीत मी हट्टी आहे एवढं सर्वानुमते ठरलं. तेव्हा तोच हट्ट इथे नीट मांडते.

बहुमताचं डिझाईन असं आहे: पुढे, छातीच्या बरोबर मध्ये, मोठ्या अक्षरांत मंडळाचं नाव, त्याखाली किल्ला, त्याखाली एक खटकेबाज ओळ. मागची बाजू कोरी. का, असं विचारलं तर उत्तर आलं, "नेहमी पुढेच असतं ना!"

माझा पहिला आक्षेप मुलींना समजावून सांगावा लागणार नाही. मागच्या वर्षीच्या टी-शर्टवर छातीवर दोन ओळींचा मजकूर होता. तो घालून बसमध्ये उभी राहिले की समोरचा माणूस पहिली ओळ वाचायचा, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. त्याला काही बोलायची सोय नाही, कारण तो काय, वाचतोय! दोनदा घातला, तिसऱ्यांदा वरून जॅकेट चढवलं, आता तो रात्री झोपताना घालते. चौकशी केली तर आमच्यातल्या बऱ्याच जणींच्या टी-शर्टचं हेच झालंय. बैठकीत हे बोलले तेव्हा एक दादा म्हणाला, "एवढा विचार कोण करतं गं?" आम्ही करतो, दादा. रोज सकाळी कपाट उघडलं की करतो.

यावर "मग पाठीकडे कोणी बघत नाही का?" असाही प्रश्न आला. बघतात. पण पाठीवरची ओळ वाचणाऱ्याचा चेहरा मला बघत बसावा लागत नाही. फरक तेवढाच आहे, पण आहे.

खरं कारण ग्रुप फोटो आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. किल्ल्याच्या दरवाजात फोटो निघणार, त्यात मंडळाचं नाव दिसलं पाहिजे. आता मागच्या वर्षीचा फोटो काढून बघा. मागच्या रांगेच्या छात्या मधल्या रांगेच्या डोक्यांनी झाकल्यात, मधल्या रांगेच्या पुढच्यांनी, आणि पुढचे सगळे गुडघे पोटाशी घेऊन बसलेत. नाव पूर्ण दिसतंय फक्त कडेला उभ्या राहिलेल्या दोघांचं. पाठमोरा फोटो काढा, डोंगराकडे तोंड करून. नावही दिसेल आणि डोळे मिटलेला एक जण दरवर्षी निघतो, तोही वाचेल.

दुसरी गोष्ट आपल्या लिपीची आहे, आणि मराठी मंडळाने तरी तिचा विचार करावा. रोमन अक्षरं सुटी सुटी असतात. छातीच्या गोलाईवर ती थोडी वरखाली झाली तरी डोळ्याला खपतं. देवनागरीला शिरोरेषा आहे. ती एक सरळ रेघ छातीवर आडवी टाकली की अंगाच्या प्रत्येक चढउतारासरशी वाकते. पाठीचा वरचा भाग त्या मानाने सपाट, तिथे रेघ रेघेसारखी राहते. वेलांट्या आणि रफार गळ्याच्या पट्टीत जाऊ नयेत म्हणून वर तीनेक इंच जागा सोडायची, बस्स. त्यात स्क्रीन प्रिंटिंगची स्क्रीन एकाच मापाची बनते. मिडियमवर बेतशीर दिसणारा ठसा स्मॉलवर या बगलेपासून त्या बगलेपर्यंत जातो. छातीवर हे जास्त खटकतं, पाठीवर कमी.

माझं घर बुऱ्हाणपूरचं. असीरगड तिथून साधारण २० किलोमीटर. गाव यंत्रमागांचं, त्यामुळे घरात कापडाबद्दल सगळ्यांनाच मतं असतात. (टी-शर्टचं होजिअरी कापड आमच्या मागांवर होत नाही. ते मुख्यतः तिरुपूरचं.) प्लास्टिसोल शाईचा मोठा भरीव ठसा म्हणजे अंगावर चिकटवलेलं प्लास्टिक, त्यातून हवा जात नाही. सहलीला थंडी असेल, पण टी-शर्ट काही सहलीनंतर टाकून द्यायचा नाहीये. आमच्याकडच्या मे महिन्यात तो घालून दाखवा.

आणि असीरगडच हवा ना डिझाईनला? मग तिथूनच शिकू. अकबराने १६०१ च्या जानेवारीत फारुकी घराण्याच्या शेवटच्या सुलतानाकडून, बहादूरशहाकडून, हा किल्ला घेतला. त्यानंतर सोन्याची मोहोर पाडली गेली. तिच्या एका बाजूला ससाणा आहे, आजूबाजूला फुलंपानं. दुसऱ्या बाजूला मजकूर: इलाही सन ४५, महिना इस्फंदारमुझ, टांकसाळ असीर. दख्खनचा दरवाजा म्हणवणारा किल्ला हाती आला, तरी पक्ष्याच्या बाजूला एक अक्षर घुसवलेलं नाही. आपण मात्र नाव, किल्ला आणि ओळ तिन्ही एकाच बाजूला कोंबतोय.

समितीतल्या काहींना छातीवर अश्वत्थाम्याचा चेहरा हवाय, कपाळावरच्या भळभळत्या जखमेसकट. तो अजून भटकतो आणि असीरगडावरच्या महादेवाला येतो, अशी आमच्याकडे गोष्ट आहे. पण त्या गोष्टीत चेहरा कुणाला दिसत नाही. दिसतं ते पहाटे पिंडीवर वाहिलेलं ताजं फूल. तेवढं एक फूल घ्या. खिशाच्या जागी, डाव्या बाजूला, तीन इंचांत मावेल असं. त्याला वाचायला काही नाही. किल्ला आणि मंडळाचं नाव पाठीवर, मोठ्ठं.

यातही अडचणी आहेत, मान्य. चढताना पाठीवर सॅक असणार, म्हणजे नाव झाकलं जाणार. वर पोहोचल्यावर सॅक उतरवतोच की! दोन जागा छापायच्या तर प्रेसवाला दुसऱ्या जागेचे पैसे वेगळे लावतो, हाही मुद्दा खजिनदारांनी दोनदा मांडलाय. मग फूल रद्द करा, पुढची बाजू कोरी ठेवा, माझी तक्रार नाही. आणि कुणाला छातीवर मोठं नाव मिरवायचं असेल तर त्याने जरूर मिरवावं. माझा विरोध सक्तीला आहे.

ऑर्डरसाठी जो फॉर्म फिरतोय, त्यात नाव, वर्ग, साईज, रंग एवढे रकाने आहेत. 'पुढे की मागे' असा पाचवा रकाना घाला. स्क्रीन तीच लागेल, प्रेसवाल्याला फक्त टी-शर्ट उलटा ठेवायचाय. पुढच्या बैठकीच्या आधी फॉर्म दुरुस्त झाला, तर मी बैठकीत गप्प बसेन.