गरम पाण्याची किफायत

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन रानात मुक्काम करणारे अनेकजण गीझर दिवसभर चालू ठेवतात. मला ही सवय पटत नाही. टाकी बहुधा 6 गॅलनची, म्हणजे जेमतेम 23 लिटर. प्रोपेनवर ती अर्ध्या तासात तापते. गॅस लागतो साधारण सव्वाशे ग्रॅम. खर्च थोडाच, पण नळ न उघडताही बर्नर पुन्हापुन्हा पेटत राहतो. आणि रात्री गाडी ऊबदार ठेवणारी भट्टी त्याच सिलिंडरवर चालते! पहाटे गॅस संपला, तर रानात नवा कुठून आणायचा? मुलं कुडकुडणार.

'किफायत' मराठीत 'किफायतशीर' या शब्दातही आहे. आपण ती किमतीला लावतो, इथे ज्योतीला लावावी. अंघोळीआधी अर्धा तास गीझर लावा, तापला की बंद करा. टाकीला आवरण असतं, पाणी तासन्‌तास गरम राहतं. सगळ्यांनी लागोपाठ अंघोळी उरकाव्यात, साबण लावताना नळ बंद. सुरुवातीचं थंड पाणी तांब्यात धरा, चहाला होतं. मुक्कामी वीज मिळाली आणि गीझर विजेवरही चालणारा असेल, तर गॅस राखून ठेवा. टाकी रिकामी असताना मात्र तो कशावरच लावू नका.