दिवाणखान्यात समुद्र ठेवावयाचा असल्यास

गोड्या पाण्यातील मासे काचपेटीत पाळण्याची हौस आपल्या घरांना आता नवी राहिलेली नाही. परंतु घरातील तरुण मंडळी तेवढ्यावर समाधान न मानता हल्ली खाऱ्या पाण्याची, आणि तीतही प्रवाळखडकाची पेटी मागू लागली आहेत. वडीलधाऱ्यांना साहजिकच दोन प्रश्न पडतात: हा खटाटोप आपल्याच्याने निभेल काय, आणि तो करणे योग्य काय? पहिल्याचे आमचे उत्तर 'घाई नसेल तर अवश्य निभेल' असे आहे. दुसऱ्याचे उत्तर थोडे अडचणीचे आहे; ते योग्य स्थळी देऊ.

प्रथम प्रवाळ म्हणजे काय ते पाहू. संस्कृतात त्यास 'विद्रुम' म्हणजे विशेष प्रकारचा वृक्ष म्हटले आहे, आणि 'प्रवाल' या शब्दाचा तर कोवळी पालवी असाही अर्थ आहे. युरोपातील पंडितही त्यास वनस्पतीच समजत. पेसोनेल नामक फ्रेंच वैद्याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रवाळ हा प्राणी असल्याचे दाखविले, तेव्हा पॅरिसच्या विद्वत्सभेने त्यास हसण्यावारी नेले. तो खराच होता. तथापि जुने शब्दकारही अगदीच चुकले नव्हते. खडक बांधणाऱ्या प्रवाळाच्या देहात सूक्ष्म शैवाल राहते व ते प्रकाशावर अन्न तयार करून यजमानास पुरविते. पाणी प्रमाणाबाहेर तापले की ही भागी मोडते व प्रवाळ पांढरे पडते. लक्षद्वीपच्या खडकांवर 1998, 2010 व 2016 साली असे संकट येऊन गेले. भर समुद्रात ज्याचा टिकाव लागत नाही त्यास आपल्या बैठकीत ठेवावयाचे म्हणजे काय, हे यावरून ध्यानी यावे.

आता पेटी. नवशिक्या मनुष्य खर्चाच्या भीतीने लहान पेटी घेतो. आमच्या मते हीच काटकसर महागात पडते. थोड्या पाण्यात एक मासा मेला तरी सारे पाणी बिघडते. अधिक पाण्यात तेच विष विरून जाते. तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच पेटीत काठोकाठ 190 लिटर पाणी मावते, ती पुरेशी होय. मात्र काच, दगड व वाळू धरून तिचे वजन तीन-चार धडधाकट माणसांइतके भरेल. तेव्हा जुन्या वाड्याच्या लाकडी माडीवर ती ठेवू नये, आणि खिडकीच्या थेट उन्हातही ठेवू नये.

पाण्यासंबंधी पुष्कळ गैरसमज आहेत. मुंबईकर वाचकांस वाटेल की समुद्र दारात असता मीठ विकत का घ्यावे? परंतु शहराच्या किनाऱ्याचे पाणी सांडपाण्याने दूषित असते, आणि कोकणकिनारी पावसाळ्यात नद्यांच्या पुराने त्याचा खारटपणाही उतरतो. स्वयंपाकघरातील मीठही चालत नाही. समुद्राच्या क्षारांत सोडियम व क्लोराइड मिळून सुमारे 85 टक्के असतात हे खरे. पण उरलेल्या भागात मॅग्नेशियम, कॅल्शियम आदी जी द्रव्ये आहेत त्यांवाचून समुद्री जीव जगत नाहीत. म्हणून याच कामासाठी मिळणारे मिश्रणच आणावे. ते नळाच्या पाण्यात न घालता आर. ओ. व डी. आय. या दोन्ही गाळण्यांतून काढलेल्या पाण्यात घालावे. घरच्या पिण्याच्या यंत्रात गाळलेल्या पाण्यात पुन्हा क्षार मिसळण्याची सोय असेल, तर ते पाणी येथे निरुपयोगी समजावे. मिश्रण वेगळ्या प्लॅस्टिकच्या बादलीत चोवीस तास ढवळत ठेवून मगच वापरावे. खारटपणा हजारी 35 भाग, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे 1.025, आणि उष्णता 25 ते 26 अंश सेल्सियस असावी.

येथे आपल्या घरांपुरती एक सूचना आवर्जून करतो. पाणी नेण्यास तांब्याची घागर, कळशी वा पातेले कदापि घेऊ नये. आपण ज्या धातूस शुद्ध मानतो, तोच कोळंबी, शंख व प्रवाळ यांस अत्यल्प प्रमाणातही प्राणघातक असतो.

पेटी भरली, पंप चालू झाला, दिवा लागला, की मुले विचारतात, "मासे केव्हा आणायचे?" पुष्कळ पेट्या याच प्रश्नाच्या उत्तरात बुडतात. मासे पाण्यातच मलविसर्जन करतात आणि त्यातून अमोनिया हे विष उत्पन्न होते. समुद्रात एका जातीचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात व दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटाचे पुष्कळ सौम्य असे नायट्रेट करतात. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की याने 1890 च्या सुमारास या जीवाणूंचा छडा लावला. नव्या पेटीत ही वस्ती नसते. ती सच्छिद्र दगडांवर व वाळूत बसू द्यावी लागते. अमोनियाचे काही थेंब घालून आरंभ करावा. बाजारात जीवाणूंच्या बाटल्या मिळतात, त्यांस विरजण समजावे. पण विरजण लावलेले भांडे वरचेवर उघडून पाहिल्याने दही लवकर लागत नाही. तपासणीच्या संचाने पाहत गेल्यास प्रथम अमोनिया चढेल, मग तो उतरून नायट्राइट चढेल, शेवटी तेही उतरेल. अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत दोन्ही शून्यावर आली म्हणजे पेटी तयार झाली. यास चार ते सहा आठवडे लागतात, क्वचित अधिकही. त्यानंतर दगडांवर तपकिरी साय धरते, मग हिरवे शेवाळ येते. हे पाहून घरातील कोणी तरी सारे पाणी ओतून पेटी घासावयास निघते. त्यास हात धरून थांबवावे.

आता तो दुसरा प्रश्न. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे जेथे वाघाचे नाव आहे तेथेच, 2001 साली खडक बांधणारी सर्व कठीण प्रवाळे, समुद्रपंखे व समुद्रघोडे घालण्यात आले. अंदमान, लक्षद्वीप, मन्नारचे आखात वा आपले मालवण येथून प्रवाळाचा तुकडा काढणे हा गुन्हा आहे. 'जिवंत दगड' म्हणून विकला जाणारा खडकही बहुधा प्रवाळाचाच असतो. दुकानात ही वस्तू सहज मिळते एवढ्यावरून ती निर्दोष ठरत नाही. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे की, घरच्या पेटीत चिनी मातीचा किंवा कोरडा चुनखडीचा दगड रचावा व कठीण प्रवाळ समुद्रातच राहू द्यावे. मृदू जातींचा मोह अनावर झाल्यास त्या कोठे वाढविल्या याचा लेखी पुरावा विक्रेत्याकडून मागावा. तो न मिळाल्यास रिकाम्या हाताने परत यावे. त्यांतही बटणांसारख्या दिसणाऱ्या झोअँथिड जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे जहाल विष असू शकते. लहान मुलांच्या घरात त्या नकोतच, आणि असा दगड उकळून स्वच्छ करण्याचा उपद्व्याप तर कोणीच करू नये. त्या वाफेने अख्खे घर आजारी पडल्याची उदाहरणे परदेशांत घडली आहेत.

एवढे वगळल्यावर उरते काय, असे कोणी विचारील. आमच्या मते पुष्कळ उरते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशाची, म्हणजे क्लाउनफिशची, पैदास आपल्याच देशात करून दाखविली आहे. असा बंदिवासात जन्मलेला जोडा मागून घ्यावा. तो काटक असतो, समुद्रफुलावाचूनही सुखाने राहतो, आणि नीट ठेवल्यास दहा-पंधरा वर्षे जगतो. या माशाच्या कुटुंबात कर्तेपण मादीकडे असते. तीच सर्वांत मोठी. ती मेल्यास तिचा नर स्वतः मादी बनून घर चालवितो. अंड्यांची राखणही नरच करतो. हे आमच्या वाचकभगिनींस विशेष रुचेल. आधी शंख, मग काही आठवड्यांनी हा जोडा, आणि त्यापुढे वर्षभर फारशी भर नको. आणलेले मासे एकदम न सोडता पेटीचे पाणी थेंबाथेंबाने मिसळून तासाभराने सोडावेत.

अन्नाचा प्रश्न शाकाहारी घरात आधीच मिटविलेला बरा. यांच्या कोरड्या गोळ्यांत मासळीचा अंश असतो, आणि गोठविलेली कोळंबी द्यावयाची तर ती घरच्या शीतकपाटातच राहणार. आजीची संमती पेटी आणण्यापूर्वी घ्यावी, नंतर नव्हे. खाणे घालण्याचे काम एकाकडेच असावे. एकत्र कुटुंबात प्रत्येक जण मायेने चिमूट टाकतो आणि पाणी नासते. पेटीजवळ उदबत्ती व डास मारण्याची औषधे नकोत, साबणाचा हात पाण्यात नको.

रोजची निगा थोडी आहे. पाणी आटते पण मीठ आटत नाही. म्हणून आटलेल्या पाण्याची भर नेहमी गोड्या गाळीव पाण्याने घालावी. उन्हाळ्यात ही भर रोज लागेल. पृष्ठभागावर लहान पंखा ठेवल्यास उष्णता दोन अंश उतरते, पण विदर्भातील उन्हात शीतयंत्रावाचून गत्यंतर नाही. आठवड्यास दशांश पाणी बदलावे.

वीज गेल्यास बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लावावा. तोही नसल्यास लंडनच्या अ‍ॅना थिन या बाईंची युक्ती करावी. 1846 साली त्यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळे घरी आणली आणि मोलकरणीकडून ते पाणी रोज उघड्या खिडकीशी या भांड्यातून त्या भांड्यात ओतवून हवा खेळती ठेवली. वीज येईपर्यंत घरातील मुलांनी आळीपाळीने प्लॅस्टिकच्या मगाने पाणी उचलून उंचावरून पेटीत सोडावे. सारे घर चार दिवस गावी जाणार असेल, तर शेजाऱ्यास किल्ली देताना रोज किती भांडी गोडे पाणी घालावयाचे ते कागदावर लिहून पेटीस चिकटवावे, आणि खाण्याचा डबा मात्र कुलपात ठेवून जावे.