माती तपासली, घरातल्या माणसांचे काय?



लागणीपूर्वी माती परीक्षण करा, हे सांगता सांगता आम्हा शेतकी खात्याच्या लोकांचा घसा बसला. आता बरेच सभासद मातीची पिशवी घेऊन आपण होऊन गट ऑफिसात येतात, आलेला कागद वाचून घेतात आणि त्याप्रमाणे डोस टाकतात, याचे आम्हाला समाधान आहे. पण याच सभासदांच्या घरी चहाला थांबलो की वेगळेच चित्र दिसते. घरातल्या माऊलीचा चेहरा सुजल्यासारखा, आवाज घोगरा, चालणे जड, उन्हाळ्यातसुद्धा अंगावर शाल. विचारले तर उत्तर ठरलेले. "काय नाही साहेब, कामानं दमायला होतंय." फळीवर मात्र तीन दवाखान्यांच्या तीन पिशव्या असतात. एक थायरॉईडची, एक बी.पी.ची, एक रक्तवाढीची. या तिन्ही गोळ्या एक तर सकाळच्या चहाबरोबर एकदमच पोटात जातात, नाहीतर तिन्ही आठ-आठ दिवस बंद असतात.

हे तीन आजार तीन पिशव्यांत वेगवेगळे ठेवून आटोक्यात येणार नाहीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ज्या माणसाला ते जास्त करून होतात, ते माणूस आपल्या कारखान्याच्या तपासणी शिबिराच्या यादीत नसते, हे त्याहून स्पष्ट मत आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे. शेतकीची पदविका घेऊन उसात आयुष्य काढलेली माणसे आम्ही. कोणाला किती मायक्रोग्रॅमची गोळी, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. पण एक औषध दुसऱ्या औषधाला कसे अडवते, हे ऊसवाल्याला सांगायला फार मोठी डिग्री लागत नाही. ते तो शेतात रोज बघतो.

चुनखडीच्या जमिनीत खोडव्यावर केवडा पडतो. पाने पिवळी, पुढे पांढरी पडतात. जमिनीत लोह नसते असे नाही. असते, पण चुना ते मुळांना घेऊ देत नाही. म्हणून नुसते हिराकस फेकून भागत नाही, ते शेणखतात मुरवून द्या असे आम्ही सांगतो. माणसाच्या पोटातही असाच प्रकार होतो. थायरॉईडची गोळी आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी एकत्र घेतली, की ती थायरॉईडच्या गोळीला पोटातच बांधून टाकतात. गोळी खाल्ली जाते, पण अंगी लागत नाही. मग रिपोर्ट बिघडतो, डॉक्टर डोस वाढवतात, आणि घरी म्हणतात की गोळीचा गुण येत नाही. गुण यायला ती रक्तात तर पोचली पाहिजे!

म्हणून थायरॉईडची गोळी पहाटे उठल्याबरोबर, उपाशी पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. त्यानंतर निदान अर्धा तास, जमले तर तासभर, चहासुद्धा नाही. ही चहाची अट आपल्याकडे सर्वांत अवघड जाते हे आम्हाला ठाऊक आहे. लोहाची गोळी निदान चार तासांनी, म्हणजे दुपारच्या सुमारास, लिंबू-पाण्याबरोबर घ्यावी. चहा इथेही नको, कारण चहा लोहालाही अडवतो. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. पित्तासाठी रोज गोळी घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण तिच्यानेही थायरॉईडची गोळी कमी लागू पडते. बी.पी.ची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला, रोज त्याच वेळेला. सोयाबीनचे म्हणाल तर उसात आंतरपीक खुशाल घ्या आणि खाही, फक्त त्या गोळीच्या वेळेला नको.

आता हा थायरॉईड आहे तरी काय? गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. शरीराचे इंजिन किती वेगाने चालायचे ते तिच्या रसावर ठरते. मेंदूच्या बुडाशी असलेली दुसरी छोटी ग्रंथी तिला हुकूम सोडते, तो हुकूम म्हणजे रिपोर्टातला टी.एस.एच. ग्रंथी काम करीनाशी झाली की हुकमावर हुकूम सुटतात आणि टी.एस.एच.चा आकडा चढतो. लोक तो चढलेला आकडा बघून "थायरॉईड वाढलाय" म्हणतात. प्रत्यक्षात थायरॉईड कमी पडलेला असतो. या एका गैरसमजापायी आकडा थोडा उतरला की "आता कमी आला" म्हणून गोळी बंद करणारी घरे आम्ही पाहिली आहेत. आकडा गोळीमुळे उतरलेला असतो, हे लक्षात घेतले जात नाही.

गोळी बंद केल्यावर लगेच काही जाणवत नाही, हीच खरी फसगत आहे. या औषधाचा अंश रक्तात निम्मा व्हायलाच सुमारे आठवडा लागतो. त्यामुळे पंधरा दिवस बरे वाटते आणि माणूस म्हणतो, बघा, गोळीवाचून चाललेच की! त्याच कारणाने डोस बदलला तरी रक्त पुन्हा तपासायचे ते सहा ते आठ आठवड्यांनी. त्याआधी तपासून पैसे घालवू नयेत. आणि "गोळीची सवय लागते" असे जे म्हणतात त्यांना आम्ही विचारतो, विहीर आटल्यावर कॅनॉलचे पाणी घेतले तर त्याला सवय म्हणायचे काय? मात्र थकवा जात नाही म्हणून आपल्या मनाने दोन गोळ्या घेणेही तितकेच वाईट. डोस जादा झाला की छातीत धडधडते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हाडे ठिसूळ होतात. वयस्कर आणि हृदयविकाराच्या माणसाला डॉक्टर थोड्या डोसापासून सुरुवात करतात ते त्यासाठीच.

रक्तदाबाचा याच्याशी संबंध आहे, आणि तो पुष्कळांना माहीत नसतो. थायरॉईड कमी पडला की रक्तवाहिन्या ताठर होतात आणि विशेषतः खालचा आकडा चढतो. रक्तातली चरबीही वाढते. थायरॉईडचा उपचार नीट झाला की काहींचा रक्तदाब उतरतो, पण म्हणून बी.पी.ची गोळी घरच्या घरी सोडायची नाही. आकडे लिहून डॉक्टरांना दाखवावेत, कमी करायची ती त्यांनी करावी. आणि जाता जाता, कंबर धरली की मेडिकलमधून आणायच्या त्या दुखण्याच्या गोळ्या! बऱ्याच वेदनाशामक गोळ्यांनी रक्तदाब चढतो. लागण, खुरपणी आणि पाचट यांच्या दिवसांत त्या गोळ्या आमच्या भागात शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या जातात.

मिठाचा घोळ वेगळाच. थायरॉईडसाठी आयोडीन लागते आणि आयोडीन मिठात असते, म्हणून मीठ जास्त खावे, असा उलटा हिशेब एका सभासदाने आम्हाला सांगितला. रक्तदाबवाल्याने तो हिशेब मुळीच धरू नये. दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे लहान चमचाभरसुद्धा नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. किलोला ३० मिलिग्रॅम आयोडीन असलेल्या पाच ग्रॅम मिठात १५० मायक्रोग्रॅम आयोडीन मिळते, आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज तेवढीच आहे. दुधातूनही थोडे मिळते. तेव्हा मीठ कमी करा, पण खाल ते आयोडीनचेच खा. आयोडीन नसलेले मीठ माणसांना खाण्यासाठी विकायला आपल्या देशात २००६ पासून बंदी आहे. तरी जनावरांसाठी आणलेले खडेमीठ लोणच्यात आणि आमटीत जातेच. उपवासाचे सैंधवही, पाकिटावर तसे लिहिलेले नसेल, तर आयोडीनचे समजू नये. शिवाय मिठात आयोडीन आल्यावरही हा आजार दिसतो, कारण पुष्कळ रोग्यांत शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती या ग्रंथीवर उलटलेली असते. तो आजार मिठाने बरा होत नाही.

राहिला अन्नघटकांचा प्रश्न. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी, असे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. त्या आधीच्या पाहणीत ४८ होत्या. म्हणजे आपण पुढे गेलो नाही, मागे आलो. थायरॉईडला आपला रस तयार करायलाही लोह लागते, म्हणजे एक उणीव दुसरीला ओढते. माळकरी घरात दूध डेअरीला आणि पोटात भाकरी-आमटी, अशाने बी १२ कमी पडते. हातापायाला मुंग्या येतात, विसरायला होते, आणि सगळे थायरॉईडच्या खाती जमा होते. उन्हात राबणाऱ्या बाईला ड जीवनसत्त्व कमी कसे, असे लोक विचारतात. डोक्यावरून पदर, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, पायात मोजे अशा वेशात ऊन कातडीपर्यंत पोचते कुठे? केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तपासणीआधी निदान दोन दिवस त्या थांबवाव्यात, नाहीतर थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

आता आमच्या मूळ तक्रारीकडे येतो. आपल्या शिबिराची यादी सभासद रजिस्टरवरून निघते, रजिस्टर सातबाऱ्यावरून, आणि सातबाऱ्यावर नाव बहुधा पुरुषाचे. रांगेत पुरुष उभे राहतात, बी.पी. आणि साखर तपासून घेतात, फोटो निघतो. थायरॉईडचा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांना कितीतरी पटीने जास्त होतो, आणि ती त्या वेळी घरी धारा काढत असते. बेणे सोलते कोण, खुरपते कोण, खोडव्याचे नांग्या भरते कोण, हे आम्ही सभासदांना सांगायला नको. यात संचालक मंडळाचा हेतू वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही, यादी करण्याची पद्धतच तशी पडली आहे. तोडणीच्या टोळ्यांतल्या बायांचे तर नाव कुठल्याच रजिस्टरला नाही. त्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

येत्या वार्षिक सभेत सभासदांनी हा विषय मांडावा, असे आम्हाला वाटते. यादी शिधापत्रिकेवरून करावी. शिबिर कारखाना साईटवर न भरवता गटागटांत, सकाळच्या पारी, धारा झाल्यावर भरवावे. रक्तदाबाबरोबर हिमोग्लोबिन आणि टी.एस.एच. तपासावे, बी १२ डॉक्टर सांगतील तिथे. आणि माती परीक्षणाचे जसे एकच कार्ड असते तसे माणशी एकच कार्ड द्यावे. त्यावर तिन्ही दवाखान्यांच्या सगळ्या गोळ्या वेळेसकट लिहिलेल्या असाव्यात, म्हणजे कोणत्याही डॉक्टरपुढे तेच ठेवता येईल. खर्चाची ओरड होईल. तो खर्च किती येईल याचा अंदाज सभेपुढे ठेवायला लावावा आणि मग काय ते ठरवावे.

शिबिर होईपर्यंत थांबायचेही कारण नाही. रक्तदाब आणि हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रात बघतात. थायरॉईडच्या तपासणीला जाताना त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी, आणि फळीवरच्या तिन्ही पिशव्या बरोबर न्याव्यात, रिकामी पाकिटेसुद्धा.