तार दिसत नाही, पण दोष सापडतो



गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी एक गोष्ट घडली. सांगताना थोडी लाजच वाटते, पण सांगितली पाहिजे. कारण आज आपल्या वस्तीत घरोघरी वायफायचा डबा आला आहे आणि आमच्याकडे झाला तसा घोळ पुष्कळ घरांत चालू असणार.

आमची खोली दहा बाय पंधराची, वर पोटमाळा. थोरली मुलगी पोटमाळ्यावर अभ्यास करते. तिच्यासाठी आम्ही हप्त्याने एक वापरलेला लॅपटॉप घेतला आणि वायफायही लावून घेतले. दिवसा सगळे ठीक चाले. रात्रीचे आठ वाजले की वरून आवाज येई, "पप्पा, नेट गेलं." पाच मिनिटांनी येई, पुन्हा जाई. आम्ही कामावरून थकून आलेलो. आमचा मोबाईल खाली व्यवस्थित चालतो, मग हिचेच कसे जाते? एके दिवशी आम्ही रागावून बोललो, "अभ्यास नको असला की नेटचं निमित्त!" पोर गप्प बसली.

पुढे एका ठिकाणी शिकाऊ उमेदवार म्हणून घेण्यासाठी तिची मुलाखत होती. मुलाखत ऑनलाइन, वेळ संध्याकाळची. तिसऱ्या प्रश्नाला पडदा थिजला. पुन्हा जोडेपर्यंत समोरच्यांनी पुढच्या मुलाला घेतले होते. ती जागा तिला मिळाली नाही. नेटमुळेच गेली असे आम्ही म्हणत नाही; पण तिला आपले म्हणणे पुरते मांडता आले नाही, एवढे खरे. त्या रात्री ती जेवली नाही.

मग आम्ही धावपळ केली. लॅपटॉप दुरुस्तीवाला म्हणाला, "आतलं वायफायचं कार्ड गेलंय, अडीच हजार लागतील." नेटवाल्याचा मुलगा म्हणाला, "काका, मोठा प्लॅन घ्या." दोघांनीही काही तपासले नाही, आणि तपासा म्हणून आम्हीही सांगितले नाही. पैशाची जुळवाजुळव करत होतो, तोच रविवारी आमची भाची आली. ती इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली. म्हणाली, "मामा, पैसे राहू द्या. आधी दुखतंय कुठं ते तर बघू."

तिने जे दाखवले ते आज सविस्तर लिहीत आहोत.

दोन गोष्टी, एक समजू नका

वायफाय म्हणजेच इंटरनेट असे आपण धरून चालतो. ते खरे नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेतून कॉम्प्युटरपर्यंत येई. तार तुटली तर दिसे. आज तार घरातल्या डब्यापर्यंत येते आणि तिथून कॉम्प्युटरपर्यंतचा शेवटचा टप्पा हवेतून जातो. या शेवटच्या टप्प्याला वायफाय म्हणतात. हा टप्पा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सगळा घोटाळा.

नळाला पाणी आले नाही तर आपण काय करतो? शेजारी विचारतो, "तुमच्याकडे आलं का?" तिथेही नसेल तर दोष रस्त्यावरच्या मोठ्या पाइपात. तिथे आले असेल तर आपल्या जोडणीत. बादली बदलून पाणी येत नाही. तसेच इथे आहे. दोष तीनच ठिकाणी असू शकतो: बाहेरची लाइन आणि डबा, मधली हवा, किंवा आपला कॉम्प्युटर. कुठे आहे ते कळेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नये.

तीन परीक्षा

पहिली परीक्षा तारेची. शंभर-दोनशे रुपयांची लॅन वायर आणावी, नाहीतर कोणाची मागून घ्यावी. तिचे एक टोक डब्याला, दुसरे लॅपटॉपला लावावे. लॅपटॉपचे वायफाय बंद करावे आणि ज्या वेळी नेट जाते त्याच वेळी तासभर वापरून पाहावे. काही नव्या पातळ लॅपटॉपना ही वायर लावायला जागा नसते. त्यांना यूएसबीचा छोटा जोड मिळतो. तारेवरही नेट तुटले तर दोष डब्यात किंवा बाहेरच्या लाइनमध्ये. तारेवर टिकले तर लाइन बरी आहे. खोट हवेत, किंवा डब्याच्या वा कॉम्प्युटरच्या वायफायमध्ये आहे. आमच्याकडे रात्री आठ ते दहा एकदाही तुटले नाही. मोठ्या प्लॅनची गोष्ट तिथेच संपली.

दुसरी परीक्षा दुसऱ्या यंत्राची. लॅपटॉप जिथे वापरतो तिथेच, त्याच वेळी, मोबाईल वायफायवर लावून पाहावा. पण आधी मोबाईलचा सिमवरचा डेटा बंद करावा. हे विसरू नका. वायफाय खराब असले की मोबाईल गुपचूप सिमवर जातो आणि आपल्याला वाटते वायफाय चालू आहे. आमचा मोबाईल खाली "व्यवस्थित" चालत होता तो असा. सिमचा डेटा बंद करून पोटमाळ्यावर नेला, तर त्याचेही नेट जाऊ लागले. म्हणजे लॅपटॉपचे कार्ड गेलेले नव्हते. अडीच हजार वाचले.

तिसरी परीक्षा जागेची. लॅपटॉप डब्यापासून चार-पाच फुटांवर, मध्ये काही आड न ठेवता, वायफायवर चालवून पाहावा. तिथे टिकला आणि नेहमीच्या जागी तुटला, तर दोष मधल्या हवेत. आमच्याकडे तसेच निघाले.

आमचीच करणी

भाचीने विचारले, "मामा, डबा इथं कोणी ठेवला?" आम्हीच ठेवला होता. धाकट्याने हात लावू नये म्हणून लोखंडी कपाटाच्या मागे, जमिनीवर, पाण्याच्या पिंपाला टेकून. वायफायच्या लहरी लोखंडाला अडतात आणि पाण्यात मुरतात. वर पोटमाळ्यापर्यंत पोहोचत होते ते उरलेसुरले. दिवसा तेवढ्यावर भागे. रात्री मात्र आसपासच्या घरांतले सगळे डबे कामाला लागत. रिकाम्या खोलीत हळू बोललेले ऐकू येते. लग्नाच्या मांडवात येत नाही. तसे होत होते.

डबा कपाटामागून काढून जिन्याजवळच्या भिंतीवर, डोक्याच्या उंचीला, उघड्यावर लावला. खर्च दोन खिळ्यांचा. त्या रात्रीपासून पोटमाळ्यावरचे नेट बहुतेक टिकू लागले. राहिलेले काम चॅनेल बदलून झाले.

चॅनेल म्हणजे काय? जुने वायफाय २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालते. आपल्या देशात या लहरी २००५ साली परवान्याशिवाय वापरायला खुल्या झाल्या. खुला रस्ता, म्हणून गर्दीही फार. ब्लूटूथ तिथेच, मायक्रोवेव्ह भट्टीही तिथेच. या रस्त्यावर एकमेकांना धक्का न लागता चालता येईल अशा वाटा तीनच: १, ६ आणि ११. वायफायची गर्दी दाखवणारे मोफत ॲप ॲन्ड्रॉइड मोबाईलवर मिळते. आपल्या आजूबाजूला ज्या वाटेवर गर्दी कमी, ती डब्याच्या सेटिंगमध्ये निवडावी. सेटिंगचा पत्ता बहुधा डब्याच्या तळाशी चिकटवलेला असतो.

नव्या डब्यांत दुसरा रस्ता असतो, ५ गिगाहर्ट्झचा. तो वेगवान आणि मोकळा, पण भिंतींतून कमी जातो. एकाच खोलीत असाल तर तो घ्यावा. मध्ये भिंती असतील तर २.४ बरा. काही डब्यांवर त्याच्या नावापुढे ५जी लिहिलेले असते. तो मोबाईलचा ५जी नव्हे, नुसते नावाचे साम्य. जुन्या लॅपटॉपला हा रस्ता दिसतच नाही. त्यात बिघाड समजू नये.

दोष लॅपटॉपमध्येच निघाला तर

मोबाईल त्याच जागी नीट चालतो आणि लॅपटॉपच तुटतो, असे झाले तर पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात. एका वेळी एकच बदल करावा, आणि वहीत तारीख-वेळ लिहून ठेवावी. चार बदल एकदम केले तर कशाने बरे झाले ते कळत नाही.

पहिले, विमानाच्या चित्राची कळ चुकून दाबली गेली आहे का ते पाहावे. ती दाबली की वायफाय बंद होते.

दुसरे, लॅपटॉपला आपले वायफाय "विसरायला" लावून पासवर्ड टाकून नव्याने जोडावे.

तिसरे, विंडोज असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क ॲडॅप्टरखाली वायफायचे नाव शोधावे. तिथे पॉवर मॅनेजमेंटचा कप्पा दिसला, तर वीज वाचवण्यासाठी हे यंत्र बंद करण्याची मुभा देणारी खूण काढून टाकावी. वीज वाचवण्याच्या नादात काही लॅपटॉप वायफायलाच झोपवतात. हा कप्पा सगळ्याच लॅपटॉपवर असतो असे नाही.

चौथे, वायफायचा ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या अधिकृत जागेवरूनच नवा घ्यावा. त्यासाठी नेट हवे असेल तर मोबाईल चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला जोडावा आणि यूएसबी टेदरिंग चालू करावे. अडचणीच्या वेळीही ही युक्ती उपयोगी पडते.

पाचवे, बाहेरून लावायचे छोटे वायफाय यंत्र वापरत असाल तर ते यूएसबी-३च्या हार्डडिस्कच्या किंवा पेनड्राइव्हच्या शेजारी लावू नये. त्यांचा खरखराट २.४च्या लहरींत मिसळतो.

आणि एक गंमत. वायफाय जोडलेले आहे, पण साइट उघडत नाहीत, "सुरक्षित नाही" असे येते, तर आधी लॅपटॉपवरची तारीख पाहावी. जुन्या यंत्राची आतली छोटी बॅटरी संपली की तारीख मागे जाते आणि साइट विश्वास ठेवत नाहीत.

हे सगळे करून, डब्याजवळ बसूनही तुटत असेल, तरच कार्डाचा संशय घ्यावा.

दोष बाहेर निघाला तर

डब्याचा वीजजोड सैल नाही ना, डबा फार तापत नाही ना, ते पाहावे. डबा बंद करून अर्धा मिनिट थांबून पुन्हा चालू करावा. पण हे रोज करावे लागत असेल तर तो इलाज नव्हे. फायबरच्या डब्यावर एल.ओ.एस. या अक्षरांचा दिवा लाल झाला, तर बाहेरून प्रकाशच येत नाही असे समजावे. त्या बारीक वायरीत काचेचा तंतू असतो. ती दारात चेंगरली किंवा घट्ट मुडपली तर निकामी होते. लाल दिवा असताना लॅपटॉप दुकानात नेणे म्हणजे पाय मोडला असता डोक्याला पट्टी बांधणे.

कंपनीकडे तक्रार करताना "नेट चालत नाही" एवढेच सांगू नये. "तारेवरसुद्धा तुटते, अमुक तारखेला अमुक वाजता तुटले," असे वहीतून वाचून दाखवावे आणि तक्रार क्रमांक मागून घ्यावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ सालच्या नियमांप्रमाणे, तक्रारीचे समाधान झाले नाही तर कंपनीच्याच अपिलीय प्राधिकरणाकडे दाद मागता येते. क्रमांक नसेल तर तुमचे म्हणणे कोणी मोजत नाही.

बंधु-भगिनींनो, यातले एकही काम इंजिनिअरचे नाही. वर्षभर आपण पैसे भरतो, पण डबा कुठे ठेवावा हे आपल्याला कोणी सांगत नाही. मग दोष कधी यंत्राला देतो, कधी पोरांना. आम्ही पोरीला दिला. त्या रविवारी रात्री आम्ही पोटमाळ्यावर जाऊन तिला म्हणालो, "बाळा, चूक आमची होती." ती हसली आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही एकदा वर येऊन बघितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं."

तिची पुढची मुलाखत आम्ही खालीच ठेवली. डब्याला वायर लावून, टीव्ही बंद करून, दार लोटून. मुलाखत, परीक्षा, शेवटच्या तारखेचा अर्ज, अशा कामाला घरात तार असताना हवेवर विसंबू नये. लॅन वायर आता आमच्या घरी खिळ्याला टांगलेली असते. ज्याला हवी त्याने येऊन न्यावी, आणि काम झाल्यावर आणून द्यावी.