विश्लेषण : विमानाच्या पंखावर पीएच.डी., तीही विद्यावेतनासह! नंदुरबारच्या विद्यार्थ्यांची वाट कुठे अडते?

नाशिकजवळच्या ओझर येथे तयार झालेल्या ‘तेजस एमके-१ए’ विमानाने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी झेप घेतली. त्याआधी २८ ऑक्टोबर २०२४ रोजी वडोदऱ्यात ‘सी-२९५’ या लष्करी मालवाहू विमानांच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. नंदुरबार जिल्हा या दोन ठिकाणांच्या मध्ये येतो. विमाने शेजारी बनू लागली. पण त्यांच्या रचनेवरील संशोधनापर्यंत इथला विद्यार्थी कसा पोहोचणार?

पंखावर संशोधन करण्यासारखे अजून काय आहे?

पंख लांब आणि अरुंद असेल तर हवेचा अवरोध घटतो व इंधन वाचते. मात्र असा पंख जास्त वाकतो, ठरावीक वेगापुढे त्याला धोकादायक कंपने सुटू शकतात आणि विमानतळावर त्याला जागाही जास्त लागते. म्हणूनच ‘बोइंग ७७७-एक्स’च्या पंखांची टोके जमिनीवर दुमडता येतात. वजन, मजबुती आणि इंधन यांचा मेळ घालणे हाच या क्षेत्रातील बहुतेक पीएच.डी.चा विषय असतो.

मराठी माणसाने हे आधी केले आहे का?

होय. कोल्हापूर जिल्ह्यातील डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी १९३६ मध्ये जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. त्यांचे मार्गदर्शक होते पंखाच्या सिद्धान्ताचे जनक लुडविग प्रांटल. पुढे ‘एचएएल’मध्ये घाटगे यांच्या नेतृत्वाखाली घडलेले ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडाले.

पैसे कोण देते?

आयआयटी आणि बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत पूर्णवेळ पीएच.डी. करणाऱ्यांना साधारणपणे पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार आणि नंतर ४२ हजार रुपये मिळतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान संशोधन फेलोशिपमध्ये ही रक्कम ७० ते ८० हजारांपर्यंत जाते. अनुसूचित जमातींसाठी केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाच्या दरवर्षी ७५० राष्ट्रीय फेलोशिप आहेत. परदेशी शिक्षणासाठीच्या शिष्यवृत्त्या मात्र देशभरात वर्षाला फक्त २० आहेत. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती आपापल्या गटांतील संशोधकांना फेलोशिप देतात. नेदरलँड्ससारख्या देशात पीएच.डी. करणारा अनेकदा विद्यापीठाचा पगारी कर्मचारीच असतो.

जिल्ह्यात एरोस्पेसची पदवी नाही, मग?

ती असलीच पाहिजे असे नाही. मेकॅनिकलची पदवी आणि ‘गेट’चा चांगला गुणांक यांवर एरोस्पेस विभागात अर्ज करता येतो. बी.ई.नंतर थेट पीएच.डी.चा मार्गही काही संस्थांत खुला आहे. आयआयटीत अनुसूचित जमातींसाठी ७.५ टक्के जागा राखीव आहेत. सुमारे ६९ टक्के आदिवासी लोकसंख्येच्या नंदुरबारसाठी ही तरतूद महत्त्वाची आहे.

मग अडते कुठे?

पहिली अडचण क्रमाची आहे. राष्ट्रीय फेलोशिपसाठी पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.ला प्रवेश आधी लागतो, पैसे त्यानंतर. म्हणजे प्रवास, शुल्क आणि सुरुवातीचा महानगरातील खर्च घरूनच करावा लागतो. धडगाव किंवा अक्कलकुव्यातील कुटुंबाला हाच काळ सर्वांत जड जातो. त्यामुळे ज्या संस्थेत प्रवेशासोबतच विद्यावेतन सुरू होते, तिथे आधी अर्ज करणे शहाणपणाचे. दोन फेलोशिप एकाच वेळी घेता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी अडचण वेळेची. ‘गेट’ची नोंदणी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. अंतिम वर्षाचा निकाल लागल्यावर चौकशी करणाऱ्याचे एक वर्ष तिथेच जाते. घरात पैशांची निकड असेल तर त्या वर्षात मुलगा किंवा मुलगी मिळेल ती नोकरी धरते आणि संशोधन मागे पडते.

काय करता येईल?

विद्यार्थ्यांनी तिसऱ्या वर्षापासूनच ‘गेट’ची तयारी सुरू करावी, गुणांक तीन वर्षे ग्राह्य असतो. जिल्ह्यातील अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतन संस्थांनी या तारखा फलकावर लावल्या, तरी निम्मे काम होईल. आणि प्रवेशापासून फेलोशिपचा पहिला हप्ता येईपर्यंतच्या खर्चासाठी आदिवासी विकास विभागाने छोटी आगाऊ रक्कम दिली, तर पैशाअभावी होणारी गळती थांबू शकेल. मोठ्या योजना आहेत. नेमका हा मधला पूल नाही.